गीझर बिघडला की पाणी? इंदूरच्या घरांसाठी दुरुस्तीचा मार्गदर्शक

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी गीझरचे बटण दाबावे आणि अर्ध्या तासानंतरही नळातून गारढोण पाणीच यावे, हा अनुभव इंदूरच्या पुष्कळ घरांनी घेतलेला आहे. उन्हाळा आणि पावसाळा मिळून सहा-सात महिने गीझर बंद असतो, त्यात तेच पाणी साचून राहते, आणि थंडीची चाहूल लागली की त्याच्याकडून एकदम रोजच्या चार-पाच आंघोळींची अपेक्षा केली जाते. सणाच्या दिवशी मिस्त्री मिळत नाही, आणि मिळाला तरी घाईत ‘कॉइल उडाली’ किंवा ‘नवा घ्या’ ह्या दोन निदानांपलीकडे तो सहसा जात नाही. म्हणून ज्यांनी नुकतेच स्वतंत्र घर मांडले आहे, किंवा नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने जे इंदूरला नव्याने राहायला आले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. तो प्रामुख्याने १० ते २५ लिटरच्या, भिंतीवर टांगलेल्या, विजेवर चालणाऱ्या गीझरविषयी आहे.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरातले आणि नातेवाइकांकडचे गीझर अनेक वर्षे सांभाळल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. गीझरच्या तक्रारींत यंत्राचा दोष थोडा असतो. बहुतेक वेळा दोष त्यात येणाऱ्या पाण्याचा किंवा त्याला जोडलेल्या वायरचा असतो. म्हणून गीझर उघडण्यापूर्वी पाण्याची आणि विजेची चौकशी करावी.

हात लावण्यापूर्वी

गीझरचे बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली, असे मानू नये. न्हाणीघराबाहेरचे साधे बटण दोनपैकी एकच तार तोडते, आणि जुन्या घरांत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटसुलट जोडलेले आढळतात. अशा जोडणीत बटण बंद असूनही गीझरच्या आत फेज जिवंत राहतो. म्हणून प्रत्येक वेळी मीटरजवळच्या बोर्डातील गीझरचा एमसीबी, म्हणजे त्या लाइनची वीज तोडणारा खटका, खाली पाडावा, शक्य असेल तर प्लग सॉकेटमधून ओढून काढावा, आणि झाकण उघडल्यावर टर्मिनलला टेस्टर लावून दिवा पेटत नाही ह्याची खात्री करावी. आधी तोच टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावून तो चांगला आहे हेही पाहावे. पायांत रबरी चप्पल असावी आणि खालची फरशी कोरडी असावी.

ज्यांना वायरींच्या कामाचा सराव नाही, त्यांनी झाकण उघडण्याची कामे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत. तरीही पुढील माहिती त्यांच्या उपयोगाची आहे, कारण काय तपासून घ्यायचे हे ठाऊक असलेल्या माणसाची फसवणूक होत नाही. गीझर वॉरंटीत असेल, तर तो स्वतः उघडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

गीझरच्या पोटात

आत एक पत्र्याची टाकी असते आणि तिच्याभोवती उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचा थर असतो. थंड पाणी निळ्या खुणेच्या तोंडातून टाकीच्या तळाशी येते. गरम पाणी लाल खुणेच्या तोंडातून बाहेर पडते, आणि त्या तोंडाची नळी आतून टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. खालचे थंड पाणी वरच्या गरम पाण्याला वर ढकलते, म्हणूनच थंड पाणी येणे बंद झाले की गरम पाण्याची धारही थांबते. तळाच्या गोल झाकणातून, म्हणजे फ्लँजमधून, पाणी तापवणारी कॉइल आत गेलेली असते. तिच्याशेजारी तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, तो अडकल्यास वीज तोडणारा कटआउट आणि मॅग्नेशियमची कांडी असते. ही कांडी स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. तिलाच ॲनोड रॉड म्हणतात. थंड पाण्याच्या तोंडाशी पितळेचा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. बहुतेक सगळ्या तक्रारी एवढ्याच भागांशी निगडित असतात.

पाणी मुळीच तापत नाही

प्रथम गीझरचा दिवा पाहावा. दिवा लागत नसेल, तर एमसीबी पडला आहे का, आणि सॉकेटमध्ये दुसरे उपकरण चालते का, हे तपासावे. सॉकेट काळवंडलेले, प्लगच्या पिना तपकिरी झालेल्या आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर दोष तिथेच सापडला. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपियर वीज खेचतो आणि ३००० वॅटचा १३ अँपियर. त्याला १६ अँपियरचे सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची, ३००० वॅटसाठी शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. सैल झालेल्या सॉकेटमध्ये पिना तापतात, तापल्याने पकड आणखी सैल होते, आणि शेवटी प्लॅस्टिक वितळते. अशा वेळी केवळ प्लग बदलून भागत नाही. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावीत, नाहीतर जुने सैल सॉकेट नवा प्लगही जाळते. महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात दोन्ही वस्तू सहज मिळतात. आयएसआय खूण पाहून घ्याव्यात. गीझर एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही चालवू नये.

वीज गीझरपर्यंत पोहोचत असेल, तर पुढची जागा कटआउटची. त्यावर एक लहान, बहुधा लाल, बटण असते. टाकीतले पाणी मर्यादेपेक्षा जास्त तापले किंवा टाकीत पाणी नसताना कॉइल तापली, तर ते बटण बाहेर उसळते आणि वीज तोडते. गीझर थंड झाल्यावर, एमसीबी बंद ठेवूनच, ते आत दाबावे. ‘टक्’ असा आवाज येतो. एकदा दाबून काम सुरळीत झाले तर उत्तम. मात्र ते पुन्हा पुन्हा उसळत असेल, तर थर्मोस्टॅट खराब आहे किंवा कॉइल क्षारांनी लडबडली आहे असे समजावे. कटआउट त्रास देतो म्हणून त्याची दोन टोके वायरने थेट जोडून देणारे कारागीर आहेत. त्यांना तसे करू देऊ नये; टाकीतल्या पाण्याची वाफ होण्यापूर्वीचा तो शेवटचा पहारेकरी आहे.

कटआउट ठीक असेल तर कॉइल मोजावी. एमसीबी बंद करून, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून, मल्टिमीटर ओहमवर लावावा. २००० वॅटच्या कॉइलचा आकडा साधारण २६ ओहम आणि ३००० वॅटच्या कॉइलचा साधारण १८ ओहम यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल आतून तुटली आहे. नंतर मीटरची एक सळई कॉइलच्या टोकाला आणि दुसरी फ्लँजच्या धातूला लावावी. तेथे काहीही आकडा येता कामा नये. आला, तर कॉइलच्या नळीला छिद्र पडून वीज पाण्यात उतरते आहे, आणि असा गीझर कॉइल बदलेपर्यंत पुन्हा चालू करू नये.

तापते, पण उशिरा. किंवा पुरत नाही

ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि अनेकदा ती तक्रारच नसते. डिसेंबर-जानेवारीत इंदूरचे रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी बर्फासारखे लागते. ते १५ अंश धरले, तर १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास २००० वॅटच्या गीझरला साधारण २४ मिनिटे लागतात. मे महिन्यात ३० अंशांच्या पाण्याला हेच काम १६ मिनिटांत होते. शिवाय विजेचा दाब उतरला की कॉइलची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. दाब २३० ऐवजी १९० व्होल्ट झाला, तर २००० वॅटची कॉइल सुमारे १३६५ वॅटच देते आणि तेच २४ मिनिटांचे काम ३४-३५ मिनिटांवर जाते. म्हणून गीझर मंदावल्याची शंका आली, तर मल्टिमीटरने सकाळी सात वाजता आणि दुपारी, असा दोनदा दाब मोजावा. फरक मोठा असेल तर गीझर निर्दोष आहे.

पुरण्याचाही हिशेब करावा. ६० अंशांच्या १५ लिटर पाण्यात १५ अंशांचे पाणी मिसळून ४० अंशांचे आंघोळीचे पाणी करायचे, तर फार तर २७ लिटर होते. आणि धार चालू असताना टाकीत थंड पाणी मिसळत जाते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. म्हणजे दीड-दोन बादल्या. घरातल्या तिसऱ्या माणसाला गार पाणी मिळाले, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न आहे. दोन आंघोळींत वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर ठेवावे.

मात्र पूर्वी २५ मिनिटांत तापणारे पाणी, विजेचा दाब तोच असताना, आता ४० मिनिटे घेत असेल आणि तापताना गीझरमधून खदखद किंवा तडतड ऐकू येत असेल, तर कारण निश्चित आहे, आणि त्याकडे नीट लक्ष द्यायला हवे.

क्षार: इंदुरी गीझरचा खरा शत्रू

इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ साली आले, जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून आणि मोठी चढण चढून. त्यासाठी १९७० साली शहराने आंदोलन केले होते, आणि आमच्या घरातल्या मोठ्यांना ते दिवस चांगले आठवत असत. परंतु नर्मदेचे पाणी बहुतेक वस्त्यांना एक दिवसाआड मिळते, आणि उरलेली गरज बोरिंग भागवते. माळव्याचे पठार काळ्या बसाल्टचे आहे. त्याच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. हे पाणी तापले की त्यातल्या बायकार्बोनेटचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, जिथे सर्वांत जास्त उष्णता असते तिथे, म्हणजे कॉइलवरच, बसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. समजा आपल्या बोरिंगच्या पाण्याचा कठीणपणा ३०० आहे आणि गीझरमधून रोज १०० लिटर पाणी जाते. मग रोज ३० ग्रॅम चुनखडी गीझरमधून वाहते. तिचा दहावा भाग जरी आत राहिला, तरी हिवाळ्याच्या १०० दिवसांत ३०० ग्रॅम होतात.

हा आकडा मला डोळ्यांनी दिसला आहे. आमचा गीझर पहिल्यांदा उघडला, तेव्हा फ्लँज खाली येताच बादलीत आधी दुधाळ पाणी आणि मग अंड्याच्या टरफलांसारखे पांढरे तुकडे खळखळत पडले. ओंजळीने काढले तर दोन ओंजळी भरल्या. कॉइलची वेटोळी वेगवेगळी दिसतच नव्हती; सगळ्यांचा मिळून एक खडबडीत, पिवळसर गोळा झाला होता, आणि नखाने दाबल्यावर त्याचा पापुद्रा निघून आत तांब्याचा काळपट रंग दिसला. त्या गोळ्याच्या आत कॉइल तापत होती आणि उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नव्हती. चुनखडी उष्णता अडवते, कॉइल आतल्या आत भाजते आणि शेवटी तुटते. कॉइल उडण्याचे कारण बहुधा हेच असते; केवळ नवी कॉइल बसवून क्षार आत तसेच ठेवणे म्हणजे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोच खर्च करणे होय.

टीडीएस मीटरच्या आकड्यावरून कठीणपणा ठरवू नये. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच पदार्थांचा असतो. कठीणपणाची थेंब टाकून करावयाची चाचणी वेगळी मिळते. तीही नको असेल, तर एका बाटलीत नर्मदेचे आणि दुसऱ्या बाटलीत बोरिंगचे पाणी घेऊन, प्रत्येकीत अंगाच्या साबणाचे सारखेच किसलेले तुकडे टाकून हलवावे. बोरिंगच्या पाण्यात फेसाऐवजी चोथा तरंगू लागला, तर ते पाणी कठीण आहे.

क्षार काढण्याचे काम पुढीलप्रमाणे करावे.

१. एमसीबी बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडून पूर्ण थंड पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. गरम टाकी उघडू नये.

२. गीझरला येणाऱ्या थंड पाण्याची चावी बंद करावी. गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवावा, म्हणजे हवा आत जाऊन टाकी रिकामी होईल. काही गीझरांना तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. नसल्यास थंड पाण्याची जोडनळी आणि तिच्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवावा, कारण त्या व्हॉल्व्हमधला नॉन-रिटर्न पडदा पाणी मागे येऊ देत नाही. १५ लिटर म्हणजे एक मोठी बादली. दुसरी बादली हाताशी ठेवावी.

३. खालचे झाकण काढून वायरींचे दोन-तीन बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्यावेत. टेस्टर लावून पाहावा, मग वायरी सोडवाव्यात आणि थर्मोस्टॅट अलगद बाहेर ओढावा.

४. फ्लँजचे नट सोडवून कॉइल सरळ खाली घ्यावी. क्षारांनी ती अडकली असेल तर ओढू नये. थोडी फिरवत, हलवत काढावी.

५. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, विरघळवून त्यात कॉइल तीन-चार तास उभी ठेवावी. विजेची टोके मात्र द्रावणाबाहेर कोरडी राहिली पाहिजेत. लगेच बारीक बुडबुडे येऊ लागतात. तो चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड असतो. नंतर जुन्या टूथब्रशने घासावे. स्क्रूड्रायव्हरने किंवा सुरीने खरवडू नये, आणि संडास धुण्याचे ॲसिड तर मुळीच वापरू नये. ते चुनखडीबरोबर धातूही खाते.

६. टाकीतले तुकडे हाताने किंवा लाकडी चमच्याने बाहेर काढावेत. टाकीला आतून काचेसारखा लेप असतो, त्याला ओरखडा पडता कामा नये. नंतर जोडनळी तात्पुरती लावून, पाण्याची चावी थोडी सोडून टाकी खंगाळावी.

७. मॅग्नेशियमची कांडी पाहावी. ती निम्म्याहून बारीक झाली असेल किंवा तिच्यातली लोखंडी तार उघडी पडली असेल, तर बदलावी. ह्या कांडीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि टाकी फुटते ती बहुधा ह्याच दुर्लक्षाने. बोरिंगच्या पाण्यावर ती दरवर्षी पाहिलीच पाहिजे.

८. फ्लँज बसवताना रबरी वायसर प्रत्येक वेळी नवे घालावे. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर दुसरीकडून गळते.

९. फोटो पाहून वायरी जोडाव्यात, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जोडनळी पुन्हा बसवावी, पाण्याची चावी उघडावी आणि गरम पाण्याच्या नळातून हवेचे फुसकारे थांबून सलग धार येईपर्यंत वाट पाहावी. अर्धा तास गळती नाही हे पाहून, हात कोरडे करून मगच एमसीबी चढवावा. रिकाम्या टाकीवर वीज चालू केली, तर आताच साफ केलेली कॉइल जळून जाईल.

बोरिंगच्या पाण्यावर हे काम दरवर्षी दिवाळीपूर्वी करावे; केवळ नर्मदेचे पाणी असेल तर दोन-तीन वर्षांनी पुरते. शक्य असेल तिथे गीझरला जाणारी नळी नर्मदेच्या टाकीलाच जोडावी आणि बोरिंगचे पाणी धुण्या-पुसण्यासाठी ठेवावे. आमच्या घरात ह्या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा महागडी कॉइल घेऊन पडला नव्हता. थर्मोस्टॅटही ६० अंशांवर ठेवावा. त्याहून वर क्षार झपाट्याने बसतात. फार खाली, चाळिशीच्या आसपास ठेवल्यास साठलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात. ६० अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांतही खोल भाजू शकते, म्हणून लहान मुलांची बादली भरताना आधी थंड पाणी आणि मग गरम, हा आपल्या आज्ज्यांचा क्रम मोडू नये.

थेंब, गळती आणि बुजवलेला व्हॉल्व्ह

गळती कोठून होते आहे हे आधी कोरड्या फडक्याने पुसून, टॉर्च लावून पाहावे. जोडनळीच्या नटातून थेंब येत असेल, तर आतले वायसर बदलले की काम होते. फ्लँजच्या कडेने पाणी येत असेल, तर तिथले रबरी वायसर, म्हणजे गॅस्केट, बदलावे. परंतु कशाच्याही जोडाशी संबंध नसताना बाहेरच्या पत्र्याच्या शिवणीतून तपकिरी पाणी झिरपत असेल, तर आतली टाकी फुटली आहे. ती सांधून टिकत नाही. गीझर बदलावा लागतो.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या लहान तोंडातून पाणी तापताना थेंब पडणे हा मात्र बिघाड नव्हे. १५ अंशांचे १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेले की ते सुमारे पाव लिटरने फुगते, आणि त्या वाढीला कोठेतरी वाट हवीच. जुन्या घरांत गीझरवरून एक नळी गच्चीच्या टाकीवर आकड्यासारखी वळवून सोडलेली असते. ती हेच काम करते. नव्या जोडणीत ते काम व्हॉल्व्ह करतो. गीझर बंद असतानाही थेंब थांबत नसेल, तर व्हॉल्व्हच्या बसणीत क्षाराचा कण अडकला आहे; त्याची दांडी दोन-तीनदा वर-खाली करून पाणी जोरात जाऊ द्यावे, आणि तरीही थांबत नसेल तर व्हॉल्व्ह बदलावा.

शेजारच्या काकूंकडे एकदा अशीच ‘दुरुस्ती’ झाली. थेंबांनी फरशी ओली होते म्हणून एका कारागिराने व्हॉल्व्हच्या तोंडात एमसील भरून ते बुजवून टाकले आणि पैसे घेऊन गेला. काकू समाधानी होत्या, कारण फरशी कोरडी राहू लागली होती. मी झाकणाखाली पाहिले तेव्हा तो राखाडी गोळा दगडासारखा घट्ट झालेला होता. थर्मोस्टॅट एखाद्या दिवशी चिकटला असता, तर वाढत्या दाबाला बाहेर पडायला एकही वाट उरली नव्हती. आम्ही त्याच दिवशी व्हॉल्व्ह बदलला आणि त्याच्या तोंडाला पारदर्शक बारीक नळी लावून ती मोरीत सोडली. फरशीही कोरडी राहिली. आपल्या घरी आजच तेवढे वाकून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गरम पाण्याची धार बारीक

शेजारच्या थंड नळाची धारही बारीक असेल, तर टाकी किंवा चावी पाहावी. फक्त गरम धार बारीक असेल, तर प्रथम नळाच्या टोकाची जाळी काढून धुवावी. गीझरमधून सुटलेले पांढरे कण तिच्यातच अडकतात. नंतर थंड पाण्याच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह आणि शेवटी गरम पाण्याची जोडनळी सोडवून पाहावी.

गरम पाणी नळाशी येताना कोमट होत असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. गीझरला येणारी थंड पाण्याची चावी पूर्ण बंद करून गरम नळ उघडावा. धार क्षणात थांबली पाहिजे. ती चालूच राहिली, तर थंड पाणी कोणत्या तरी मिक्सरमधून, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळातून, गरम पाण्याच्या नळीत घुसते आहे. गीझर निर्दोष आहे आणि बदलायचे आहे ते मिक्सरच्या आतले काडतूस (कार्ट्रिज).

नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात

येथे दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवून एमसीबी पाडावा आणि घरातल्या सर्वांना न्हाणीघर बंद असल्याचे सांगावे. सौम्य झिणझिण्या म्हणजे मोठ्या धक्क्याची पूर्वसूचना असते. कॉइलला छिद्र पडले आहे आणि अर्थिंगही तुटले आहे, असे दोन दोष एकत्र असल्याशिवाय सहसा असे होत नाही. जुन्या वस्त्यांत आणखी एक कारण आढळते. पूर्वी लोखंडी नळ जमिनीपर्यंत गेलेले असत आणि नकळत अर्थिंगचे काम करत. नळ बदलून सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे, केले की ती वाट तुटते, आणि सॉकेटमधली अर्थिंगची पिन मुळात कोठेच जोडलेली नव्हती हे तेव्हा उघड होते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्यावे आणि गीझरच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारा खटका, बसवून घ्यावा. तो वारंवार पडू लागला तर त्याला दोष देऊ नये, कॉइल मोजावी.

वास आणि रंग

बऱ्याच महिन्यांनी गीझर सुरू केल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तर साचलेल्या पाण्यातील जंतू आणि मॅग्नेशियमची कांडी ह्यांच्यामुळे हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. पाणी एकदा ६० अंशांवर तापवून पूर्ण सोडून द्यावे आणि असे दोनदा करावे. वास परत परत येत असेल, तर ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवावी. पाणी तांबूस येत असेल, तर थंड नळाचे पाणीही पाहावे. दोन्हीकडे तांबूस असल्यास जुने लोखंडी नळ कारण आहेत. फक्त गरम पाणी तांबूस असेल, तर कांडी संपून टाकी गंजू लागली आहे.

गॅस गीझरविषयी दोन शब्द

गॅस गीझर पेटत नसेल, तर बहुधा त्यातले बॅटरीचे सेल संपलेले असतात, किंवा टाकी फार उंच नसल्याने पाण्याचा दाब कमी पडतो. ह्या दोन गोष्टी घरी पाहता येतात; बाकी सर्व कामे जाणकाराची आहेत. परंतु गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही असता कामा नये. हवा अपुरी पडली की ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि आत आंघोळ करणाऱ्याला गुंगी येते तेव्हा दार उघडण्याची शक्ती उरलेली नसते. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. भाड्याच्या घरात तो आत असेल, तर घरमालकाशी बोलून तो हलवून घेईपर्यंत चुलीवर पाणी तापवावे.

गीझर बदलण्याची वेळ आली तर

टाकी फुटली असेल, किंवा कॉइल, थर्मोस्टॅट आणि व्हॉल्व्ह एकाच वर्षात बदलावे लागत असतील, तरच नवा घ्यावा. दुकानात लिटर आणि तारांकन विचारतात. त्याबरोबर कांडी वेगळी काढता येते का आणि फ्लँजमधून हात आत जाईल एवढी जागा आहे का, हे स्वतः पाहावे. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी ८ बार दाब सोसणारा गीझर घ्यावा, कारण टाकीपासून दर १० मीटर खाली आले की दाब सुमारे एका बारने वाढतो. बसवताना भिंतीचे प्लॅस्टर नव्हे तर वीट धरणारे फास्टनर वापरायला सांगावे. १५ लिटरचा गीझर भरल्यावर पाण्याचेच वजन १५ किलो होते. गरम पाण्याची नळी साध्या पीव्हीसीची नसून सीपीव्हीसीची आहे, ह्याची खात्री करावी. बसवणारा निघण्यापूर्वी त्याच्यासमोर टाकी भरून, तापवून, व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब मोरीत जातात हे पाहावे आणि गीझरच्या बाजूला पेन्सिलने त्या दिवसाची तारीख लिहावी. पुढच्या दिवाळीपूर्वी फ्लँज उघडताना कांडी किती दिवसांत किती झिजली, हे त्या तारखेवरूनच कळते.